मुक्काम आहे, पोस्ट नाही

सोमवार, १ सप्टेंबर

आज कुंचल्यांचा डबा उघडला. आमची ही गेल्यापासून तो पलंगाखाली पडून होता. केस इतके कडक झालेत की भिंत खरवडावी. टर्पेंटाइनमध्ये बुडवून खिडकीत ठेवलेत, आणि त्या वासाने सबंध घर पुन्हा माझ्या जुन्या दुकानासारखं झालंय. दुपारी खुर्चीत डुलकी लागली तर वाटलं, बाहेर गिऱ्हाईक उभं आहे आणि विचारतंय, "पेंटर, पाटी झाली का?"

हे सगळे उपद्व्याप साळुंकीपायी. साळुंकी म्हणजे माझी नात. लहानपणी तिचं तोंड मिटत नसे म्हणून हे नाव पडलं. आता ती पुलांची इंजिनियर आहे. तिची आजी गेली तेव्हा चार दिवस सोबतीला म्हणून आली ती राहिलीच. आता तिला समुद्रापलीकडे नोकरी आली आहे, मोठाले पूल बांधायची. जायलाच हवं. पिकलं पान फांदीला धरून बसलं म्हणून कोवळ्या पानानेही धरून बसावं काय?

दर रविवारी दुपारी तिच्या दोस्तमंडळींचं टेबल भरतं आमच्याकडे. हा खेळ मला आधी कळेना. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण सूत्रधार. तो नुसत्या बोलण्याने गाव उभं करतो, डोंगर उभा करतो, माणसं उभी करतो. बाकीचे त्या गावात शिरतात, कुणी चोर होऊन, कुणी मांत्रिक होऊन. "समोर नदी आहे, काय करतेस?" "उडी मारते." जमेल की नाही याची शंका आली तर फासा टाकायचा, लिंबाएवढा, वीस बाजूंचा. आजवर सूत्रधार साळुंकी, आणि मी चहावाला.

आज सकाळी म्हणते, "आजोबा, जायच्या आधी एक शेवटचा खेळ. गाव तुम्ही रचायचं. सूत्रधारही तुम्हीच."

"अगं, मी चहा देणारा माणूस."

"चहा ठेवून तुम्ही दाराशी उभे राहता ते काय मला दिसत नाही? मागच्या वेळी राक्षस आला तेव्हा कप हातातून पडला होता तुमच्या."

"तो निसटला."

"हो, राक्षसाला बघून निसटला."

विचारलं, जायचं कधी? म्हणाली, "तारीख नाही ठरली अजून." कचेऱ्यांची कामं, दुसरं काय. मुंगीच्या पावलांनी चालायची.

बुधवार, ३ सप्टेंबर

नियमांचं पुस्तक आणायला जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. साळुंकीने ते सांगून ठेवलं होतं. म्हणाली, "जाड आहे, वर कंदिलाचं चित्र आहे, विसरू नका." दुकानदार जागेवर नव्हता. त्याची सासू गल्ल्यावर बसून स्वेटर विणत होती.

म्हटलं, "नियमांचं पुस्तक ठेवलंय आमचं. वर कंदील आहे."

तिने विणकाम न सोडता पायानेच एक खोकं ओढलं, वरचं जाड पुस्तक काढलं, फुंकर मारली. आम्ही दोघंही शिंकलो. कंदील होता वर, चांगला नक्षीचा.

"खेळाचंच आहे ना हे?"

"नियम पाळायचे म्हटलं की सगळा खेळच, भाऊ," ती म्हणाली.

बाई हुशार आहे. पुस्तक छातीशी धरून घरी आलो. चौकातल्या दवाखान्याची पाटी अजून टिकून आहे, माझ्या हातची. 'बाहेर जाण्याचा मार्ग' असल्या पाट्या तर मी जन्मभर इतक्या रंगवल्यात की झोपेतही बाण सरळ येईल.

शनिवार, ६ सप्टेंबर

पुस्तक वाचून काढतोय. काय खेळ आहे! मला उगीच वाटायचं की सगळा राक्षसांचा आणि तलवारींचा मामला असेल. यात तसलं काही नाही. समुद्राकाठी एक मनोरा आहे, वर दिवा आहे, आणि तो सांभाळणारी माणसं आहेत. बस. कलमांवर कलमं. वात कशी कातरावी. काच कोणत्या कापडाने पुसावी. धुकं असेल तर घंटा कशी वाजवावी, आणि धुकं नसेल तरीही कान धुक्याकडे ठेवावा. 'कान धुक्याकडे ठेवावा'! ज्याने लिहिलं त्याच्या हाताला चंदन लावावं.

एक कलम दोनदा वाचलं. ज्याच्याकडे दिवा आहे त्याने, दुसऱ्याने येऊन तोंडाने स्पष्ट 'दिवा घेतला' असं म्हटल्याशिवाय जागा सोडू नये. मग तो आजारी असो, घरी लग्न असो, काही असो. दिवा पाहुण्याला देऊ नये. तिथे राहणाऱ्यालाच द्यावा. आणि पुढे, 'दिवा घेतला' हे ऐकल्यावर सोडणाऱ्याने तिथे रेंगाळू नये.

फाशांचा उल्लेख मात्र कुठेच सापडला नाही. पुढे असेल.

मी समुद्र पाहिलेला नाही. चित्रात पाहिलाय, आणि एकदा एका गिऱ्हाइकाच्या दुकानासाठी पाटीवर रंगवलाही होता. गिऱ्हाईक म्हणालं, पेंटर, हा समुद्र आहे की घडी न केलेली चादर? तेव्हापासून समुद्राच्या वाटेला गेलो नाही. पण आज वाचता वाचता डोळे मिटले तेव्हा पायांना ओलं लागलं. उठून पाहिलं तर मांजराने भांडं लवंडलं होतं.

रविवार, ७ सप्टेंबर

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मंडळी जमली. मंडळी म्हणजे दोघंच, साळुंकीखेरीज. एक दाताची डॉक्टर, जिची जीभ तिच्या सुईपेक्षा टोचते. दुसरा आमच्या भागाचा पोस्टमन. एकदा टपाल द्यायला आला, खेळ पाहून उंबऱ्यातच थबकला, तो आजतागायत दर रविवारी येतो. मी ऐटीत पुस्तक मांडलं. डॉक्टरीणबाईंनी पहिलं पान उघडलं, वाचलं, आणि टेबलावर डोकं टेकून हसायला लागल्या.

"आजोबा, हे दीपगृहाचं पुस्तक आहे! खऱ्या दीपगृहाचं! नोकरांसाठी छापलेलं!"

"म्हणजे खेळाचं नाही?"

"तेल मोजायचा खेळ म्हणा!"

पोस्टमन म्हणाला, "तरीच. आजोबा परवा मला विचारत होते, तुमच्या मांत्रिकाला वात कातरता येते का?"

मीही हसलो. काय करणार, साठी बुद्धी नाठी म्हणतात आणि मी तर साठी कधीच मागे टाकली. साळुंकी मात्र थोडंसंच हसली. पुस्तक ओढून घेऊन वाचत बसली. त्या दिवा घेण्याच्या कलमावर तिचं बोट बराच वेळ होतं.

"हेच ठेवू या," ती म्हणाली. "मी दिवेवाली होते."

"अगं, खरं पुस्तक आणतो ना बदलून," पोस्टमन म्हणाला.

"तेही आण. फासे त्याचे, गाव याचं."

गुरुवार, ११ सप्टेंबर

खरं पुस्तक आलं. त्याच्यावरही कंदील आहे, पण तो एका सांगाड्याच्या हातात आहे. आकड्यांचे तक्ते नि तक्ते. डोकं गरगरलं, तेव्हा ते उशाशी ठेवून गावाच्या नकाशाला बसलो.

फळी शोधली. कुणीतरी सांगून न नेलेली एक जुनी पाटी कपाटामागे होती. तिची पाठ कोरी, गुळगुळीत. आधी खडूची दोरी ताणून रेघा मारल्या, सवयीने, मग लक्षात आलं की गावाला सरळ रेघ लागत नाही. पुसल्या. मग कुंचला आपोआप चालला.

गावाचं नाव 'मुक्काम'. का सुचलं कोण जाणे, पण लिहायला गोड आहे. कमानीवर तेच लिहिलं. समुद्राच्या बाजूला दीपगृह, आकाशी रंगाचं. गल्ल्या गोगलगाईच्या पाठीसारख्या, फिरून फिरून आत येणाऱ्या, आणि सगळ्या शेवटी एका खानावळीशी पोचतात. तिथे दार कधी लागत नाही. खानावळवाला म्हातारा आहे, बडबड्या आहे, आलेल्या माणसाला म्हणतो, "जाल की. घाई काय आहे? चहा टाकतो." गावावर धुकं असतं, सकाळचं दूध तापावं तसं हळूहळू वर येणारं. माणसं दुपारी झोपतात आणि सगळ्यांना एकच स्वप्न पडतं. घड्याळं आहेत, पण त्यांना काटे रंगवायचे राहिले; तसेच राहू द्यावेत म्हटलं.

दुधावरून आठवलं. मी त्या गल्ल्यांत फिरत असताना इथे चुलीवरचं दूध उतू जाऊन पातेलं जळलं. साळुंकी कामावरून आली तेव्हा घरात आमच्या मुक्कामासारखंच धुकं होतं. तिने लगेच खिडक्या उघडल्या, पातेलं घासलं, मग फोन घेऊन गॅलरीत गेली. बराच वेळ कुणाशी तरी "हो, मला अजून थोडा वेळ हवा आहे" असं बोलत होती. तिच्या कचेरीत नेहमीच काहीतरी उशीर चाललेला असतो.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

लेकीचा, म्हणजे साळुंकीच्या आईचा, फोन.

"बाबा, तुम्ही तिला काही बोललात का?"

"मी कशाला काय बोलू?"

"तिने अजून होकार कळवलेला नाही. ती माणसं वाट बघून दुसऱ्याला घेतील. महिनाअखेरपर्यंतच मुदत आहे."

मी थक्क झालो. म्हटलं, "मी तर तिला रोज सांगतो, जा खुशाल म्हणून."

"कसं सांगता?"

आता हा काय प्रश्न झाला? सांगतो म्हणजे सांगतो. कालच जेवताना म्हणालो, तू जा, माझं काय, मी घेईन काहीतरी करून. दोन घास कमी गेले त्या वेळी, पण भाजी खारट होती. परवाही म्हणालो होतो, तेव्हा चष्मा शोधत होतो म्हणून आवाज जरा बसल्यासारखा आला असेल.

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही भोळे आहात की बेरकी, मला या वयातही कळत नाही."

फोन ठेवल्यावर विचार केला. पोरीचं मन का घेत नसेल? मला वाटतं, खेळात गुंतलीय. गाव फारच छान बेतलं गेलंय. शेवटचा खेळ एकदा झोकात झाला की मोकळी होईल. म्हणून दुपारभर बसून खानावळीला आणखी एक मजला चढवला, आणि वर दिवेवालीसाठी एक खोली, समुद्राकडे खिडकी असलेली.

रविवार, २१ सप्टेंबर

पहिला डाव. आवाज छान लागला. मी म्हणालो, "धुकं आहे. पायाखाली ओली फरशी. लांबून घंटा. एक म्हातारा दार उघडतो," आणि तिघांनी खुर्च्या पुढे ओढल्या. इतकी वर्षं लोक माझी अक्षरं वाचत रस्त्याने जायचे, पण कुणी थांबून ऐकलं नव्हतं. आज तिघं ऐकत होती.

साळुंकी दिवेवाली. डॉक्टरीणबाई एका नावेच्या कप्तान, चोरटा माल आणणाऱ्या. पोस्टमन मांत्रिक. तास दोन तास छान गेले. दोघांनी गाव पाहिलं, खानावळवाल्याचा चहा प्यायला, एकाच स्वप्नाचा छडा लावला. मग निघायची वेळ झाली आणि घोळ सुरू झाला.

"मी बंदराकडे जाते," कप्तान म्हणाल्या.

"बंदर नाही. गल्ली वळते आणि तुम्ही पुन्हा खानावळीशी."

"डोंगराकडे?"

"धुकं. चालता चालता खानावळीशी."

"अहो, पूल तरी असेल! पुलांची इंजिनियर बसलीय समोर, आणि गावाला एक पूल नाही?"

मी नकाशाकडे पाहिलं. खरंच नव्हता. राहून गेला होता.

पोस्टमन म्हणाला, "मला एक सांगा, या गावाचं टपाल कुठून येतं? हे मुक्काम आहे, पोस्ट नाही!"

सगळे हसले. मी म्हटलं, "टपाल लागतं कुणाला? सगळे इथेच तर आहेत." साळुंकीने त्या वेळी माझ्याकडे पाहिलं. डोळे तिच्या आजीसारखे आहेत तिचे. मला ते टेबलाशी नको होते, म्हणून चहा टाकायला उठलो.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फासा खाली पडला. तो शोधायला त्या वाकल्या, आणि खालूनच ओरडल्या, "आजोबा! हे काय लिहिलंय पाठीवर?" नकाशाची फळी टेबलाबाहेर आलेली होती. तिच्या खालच्या अंगाला, माझ्याच हातच्या तांबड्या अक्षरांत, 'बाहेर जाण्याचा मार्ग' आणि एक ठसठशीत बाण.

"जन्मभर लोकांना बाहेरची वाट दाखवलीत," त्या वर येत म्हणाल्या, "आणि स्वतःच्या गावाची वाट पालथी घातलीत?"

"ती फळीच हाताशी होती," मी म्हणालो. होतीच.

मंगळवार, २३ सप्टेंबर

वाट काढायला बसलो. पांढरा रंग घोटून घेतला, खानावळीपासून सुरुवात केली. कुंचला कमानीपर्यंत गेला की आपलाच वळतो. तीनदा पुसलं. हाताला काय झालंय कळत नाही. सरळ रेघ हा माझा हातखंडा. बाकीचे पेंटर दोरी मारत तिथे मी डोळ्याने मारत असे.

साळुंकी मागे येऊन उभी राहिली. "राहू द्या आजोबा. असंच छान आहे."

"पण बाहेर कसं जायचं?"

"नाही गेलं तर नाही गेलं."

किती मायाळूपणे म्हणाली. मला आनंद व्हायला हवा होता. पण ती आत गेल्यावर मी तिच्या खोलीच्या दाराकडे बघत बसलो. दाराशी तिची मोठी बॅग आहे, नवी. तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायची सवय लागलीय आम्हाला. बॅग होती ती तिपाई झाली.

डोळा लागला तेव्हा मुक्कामात होतो. आमची ही खानावळीच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "अहो, सगळ्यांना धरून ठेवलंत, मला कसं नाही ठेवलंत?" मी म्हणालो, "तू विचारलंच कुठे?" ती हसली आणि सालं माझ्या ओंजळीत टाकली. जागा झालो तर ओंजळ तशीच धरलेली.

रविवार, २८ सप्टेंबर

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

दुसरा डाव. कप्तान कुठूनशी एक होडी शोधून काढतात. फासा टाकला, वीस पडले. आता नाही म्हणण्याची सोय नव्हती. होडी दीपगृहाच्या पायथ्याशी आहे. दिवा पेटता असेल तर धुक्यात एक पट्टी उघडते, तेवढ्यातून होडी जाऊ शकते. हे मी तिथल्या तिथे रचलं. रचलं म्हणण्यापेक्षा तोंडातून गेलं.

कप्तान आणि मांत्रिक होडीत बसले. "चल," ते दिवेवालीला म्हणाले.

साळुंकी म्हणाली, "मला जाता येत नाही. दिवा माझ्याकडे आहे."

"मी घेते दिवा," कप्तान.

"तू घेतलास तर होडी कोण हाकेल? आणि तू पाहुणी. पाहुण्याला दिवा देऊ नये."

मांत्रिक म्हणाला, "मंत्राने पेटता ठेवू."

"कलमात मंत्र नाही." ते दीपगृहाचं पुस्तक तिच्या मांडीवर होतं. ते उघडं न करता ती बोलत होती. मग माझ्याकडे वळली. आवाज खेळातलाच, पण हळू. "सूत्रधार, इथे राहणारं कुणी आहे का, दिवा घ्यायला?"

गावात राहणारे सगळे माझेच. माझ्याच तोंडाने बोलणारे. मी म्हणालो, "सगळे झोपलेत दुपारचे."

"खानावळवाला?"

"तो... तो चहा टाकतोय."

"त्याला विचारते मी. दादा, येता का वर? पायऱ्या खूप आहेत."

मी फासा उचलला आणि टाकला. का टाकला ते मलाही माहीत नाही. तो टेबलभर गडगडत गेला आणि डॉक्टरीणबाईंनी त्याच्यावर तळहात ठेवला. आकडा पाहूही दिला नाही.

"आजोबा," त्या म्हणाल्या, आणि ही बाई इतक्या मऊ आवाजात बोलू शकते हे मला ठाऊक नव्हतं, "याला फासा नसतो."

खरंच की. त्या पुस्तकात फासे नव्हतेच.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. कपावर साय धरत होती. मी साळुंकीकडे पाहिलं. ती पाळण्यात होती तेव्हापासून वाट बघताना खालचा ओठ आत घेते. तसाच घेतला होता. एवढी पुलांची इंजिनियर, आणि एका म्हाताऱ्या खानावळवाल्याच्या तोंडाकडे बघत थांबलेली. किती दिवसांपासून थांबलीय ही? मी तिला रोज जा म्हणत होतो. 'घेतला' असं कधी म्हणालो नव्हतो.

मी उठून उभा राहिलो. खेळात उठावं लागत नाही, पण पायऱ्या खूप होत्या ना.

"दिवा घेतला," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की का असं विचारायचं कलम नाही. वात मी कातरीन. काच पुसता येते मला, जन्मभर पाट्याच पुसल्यात. दूध उतू जाईल एखाद वेळ, तर जाईल. दिवा घेतला."

ती हसली, मग उठून मोरीशी तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ पाणी वाहत ठेवलं. पोस्टमन नाक शिंकरत म्हणाला, "धूळ फार या घरात." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुझ्या थैलीतली असेल."

सोमवार, २९ सप्टेंबर

साळुंकीने आज होकार कळवला. मी पाटीला वॉर्निश देत होतो, तिथे येऊन सांगितलं. मी म्हटलं, "छान." आवाज बसला नाही. चष्मा नाकावरच होता.

नंतर लेकीचा फोन. "बाबा, काय सांगितलंत तिला?"

"दोन शब्द."

"कुठले?"

"खेळातले आहेत, तुला नाही कळायचे."

बॅगेवरचे इस्त्रीचे कपडे उचलून कपाटात ठेवले. तिपाई होती, पुन्हा बॅग झाली.

शनिवार, १८ ऑक्टोबर

निघाली. दोघं विमानतळावर पोचवायला आले होते. पोस्टमन बॅग उचलून म्हणाला, "हिच्यात पूल भरलाय की काय?" दीपगृहाचं पुस्तक तिने मागितलं नाही, मीच तिच्या हातात दिलं. म्हणाली, "मग तुम्ही काय वाचाल?" म्हटलं, "माझं पाठ झालंय."

आत जायच्या दारापाशी ती तीनदा मागे वळली. एकदा माझ्या औषधांचं, एकदा किल्लीचं, तिसऱ्यांदा कशाचंच नाही. म्हणून मी म्हणालो, "दिवेवाली, ऐकल्यावर रेंगाळू नये. कलम आहे." आणि आधी मी पाठ फिरवली. समोर भिंतीवर 'बाहेर जाण्याचा मार्ग' लिहिलेलं होतं, यंत्राने छापलेलं. बाण जरा वाकडा वाटला. कदाचित माझ्या डोळ्यांत पाणी असेल.

रविवार, २६ ऑक्टोबर

आज कुणी येईल असं वाटलं नव्हतं. टेबल तिचं होतं, ती गेली, मंडळी कशाला येतील? तरी फळी मांडून ठेवली, सवयीने. दुपारी दार वाजलं. डॉक्टरीणबाई, पोस्टमन, आणि त्यांच्यामागे ती स्वेटर विणणारी बाई, पुस्तकांच्या दुकानातली.

"यांना खेळायचंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि आजोबा, तो चहा कमी गोड करा. मी दातांची डॉक्टर आहे, मला माझीच लाज वाटते."

स्वेटरवाली फळीकडे बघून म्हणाली, "नियम काय आहेत?"

"तुम्हीच दिलेत की," मी म्हटलं.

मी या आठवड्यात नकाशावर काम केलंय. कमानीजवळ एक छोटी तांबडी पेटी रंगवली. पोस्टमनने ती पाहिली, बोट ठेवलं, आणि हळूच टकटक केलं. कमानीतून एक पांढरी वाट बाहेर काढलीय, समुद्रापर्यंत. दोरी न मारता. या वेळी हात वळला नाही.

"सूत्रधार, चला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी सुरुवात केली. "सकाळ आहे. आज धुकं नाही. खानावळवाला वर दिव्यापाशी आहे, काच पुसतोय. खाली वाट दिसते, आणि वाटेच्या टोकाला समुद्र."

"कसा दिसतो समुद्र?" स्वेटरवालीने विचारलं. सुया थांबल्या होत्या.

मी डोळे मिटून पाहिलं. घडी न केलेली चादर आठवली, दुसरं काहीच नाही.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "चला, बघून येऊ."